पाणी विभागाचं कार्ड

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आई आपल्या पेन्शनमधल्या काही नोटा बाजूला काढायची, तळहाताने सपाट करायची आणि संध्याकाळी तळमजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे देऊन यायची. दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, सेक्रेटरी त्याच नोटा पांढऱ्या पाकिटात घालून माझ्या धाकट्या भावाला द्यायचे. भाऊ सही करायचा. त्याची सही म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे एक लांब रेघ. पाकीट घेऊन तो वर यायचा, ते देवापुढे ठेवायचा, नमस्कार करायचा आणि न उघडता आईच्या हातात द्यायचा. आई ते उघडायची, मोजल्यासारखं करायची आणि त्यातली एक नोट त्याला परत द्यायची. "घे, तुझ्या कष्टाचे आहेत. वडा खा."

उरलेल्या नोटा कपाटात जायच्या आणि महिना संपला की पुन्हा खाली. "तुमच्या आईच्या नोटा मला आता चेहऱ्याने ओळखू येतात," असं सेक्रेटरी मला एकदा जिन्यात म्हणाले होते.

आई, सेक्रेटरी आणि मी, आम्हा तिघांना हे ठाऊक होतं. भावाला ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर याच पाकिटामुळे त्याला जन्मभर मिळू शकणारी पेन्शन नाकारली गेली. त्यानंतरचं जवळजवळ वर्षभर मी त्या नकाराशी झगडण्यात घालवलं. आज ते लिहून काढते आहे, कारण आईबद्दल काहीही लिहायला बसले की हेच आधी समोर येतं.

माझा भाऊ पन्नाशीच्या अलीकडचा आहे. त्याच्या कागदांवर 'बौद्धिक अक्षमता' असं लिहिलेलं आहे. त्याआधीच्या कागदांवर वेगळे, जास्त कडू शब्द होते. आईने यातला कुठलाच शब्द कधी वापरला नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तो सावकाश आहे." वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई परळच्या एका सरकारी इस्पितळात परिचारिका होती, आणि इस्पितळातली शिस्त तिने घरी आणली होती. भावाला तिने रोज दाढी करायला शिकवलं, मानेला पावडर लावायला शिकवलं. शर्टाची सगळी बटणं लावायची. कुणी प्रश्न विचारला तर ताठ उभं राहून मोठ्याने उत्तर द्यायचं. "डॉक्टरांपुढे रडगाणं गायचं नाही," हे तर तिचं ठरलेलं वाक्य. आयुष्यभर तिने रडगाणी ऐकली होती, म्हणून असेल.

आमची चाळ लालबाग आणि करी रोडच्या मध्ये होती. तिथे पाणी पहाटे यायचं, पण नेमकं कधी ते कुणालाच सांगता यायचं नाही. मजल्याच्या टोकाला सामाईक मोरी होती. भाऊ तिथे नळाला कान लावून बसायचा. पाणी यायच्या आधी नळात हवा घुरघुरते. ती घुरघुर त्याला सगळ्यांच्या आधी ऐकू यायची. मग तो गॅलरीतून धावत सुटायचा, "पाणी इला गो! पाणी इला!" अर्धी चाळ मालवणची, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. बाया हंडे घेऊन बाहेर पडायच्या. तो आजारी पडला की मजल्यावरच्या दोन-चार घरांत पाणी भरायचं राहून जायचं.

मग पुनर्विकासात चाळ पाडली. तिथे टॉवर उभा राहिला आणि त्याच्या मागे आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत. घरातच नळ आले, वर टाकी आली, दिवसभर पाणी. सगळे हरखले. भाऊ मात्र स्वयंपाकघरात नव्या नळासमोर जमिनीवर बसून राहायचा. "पाणी येतच नाही," म्हणायचा. मी नळ सोडून दाखवला की म्हणायचा, "हे आलेलं आहे. येत नाही." जेवण कमी झालं, बोलणं थांबलं.

तेव्हा आई खाली जाऊन सेक्रेटरींशी बोलली. काय बोलली ते मला सेक्रेटरींनी नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "त्याला काम द्या. पगार मी देईन."

इमारतीच्या पायाशी जमिनीखालची टाकी आहे. तिच्यात पहाटे मोठ्या पाइपातून पाणी पडतं आणि पंप ते वर चढवतो. पंप आपोआप चालू होतो, त्याला माणूस लागत नाही. पण भावाला सांगण्यात आलं की टाकीत पाणी आलं की वॉचमनला कळवायचं. भाऊ पाइपाला कान लावून उभा राहायचा आणि घुरघुर झाली की केबिनपाशी जाऊन सांगायचा, "पाणी आलं." वॉचमन उठून सलाम ठोकायचा, "हां साब, अभी चालू करता हूँ," आणि कुठलंतरी बटण दाबल्यासारखं करायचा. मग भाऊ लिफ्टने एकेका मजल्यावर जाऊन दारांसमोर हळू आवाजात तेच सांगायचा. तो हळू आवाजही आईनेच शिकवलेला, वॉर्डातला. सेक्रेटरींनी त्याला फोटोचं कार्ड करून दिलं, निळ्या दोरीचं, गळ्यात घालायचं. त्यावर सोसायटीचा शिक्का, त्याचं नाव आणि खाली 'पाणी विभाग'. ते मिळालं त्या दिवशी तो कार्ड घालूनच जेवायला बसला आणि आईने त्याला चक्क दोनदा भात वाढला.

आई गेली ती तिच्याच इस्पितळात. त्या पहाटेही भाऊ पाण्याला गेला. घरात माणसं जमली होती. कुणीतरी त्याला अडवायला लागलं. मी म्हटलं, "जाऊ दे त्याला."

भेटायला आलेल्यांत आईबरोबर नोकरी केलेली एक निवृत्त सिस्टर होती. जाताना तिने मला दाराबाहेर बोलावलं. "अगो, त्याचा अर्ज केलास का? स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला आईची पेन्शन मिळते. तो जिवंत असेपर्यंत. आईने तुला सांगितलं नाही?" आईने सांगितलं होतं. शेवटच्या आजारात दोनदा सांगितलं होतं. मी दादरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, लग्न केलेलं नाही आणि भावापेक्षा मोठी आहे. माझ्यानंतर त्याचं काय, हा प्रश्न आमच्या घरात इतकी वर्षं होता की तो कुणी मोठ्याने विचारायचंसुद्धा थांबलं होतं. त्याचं उत्तर होऊ शकेल अशी ही एकच गोष्ट होती. मी असले काय, नसले काय, त्याच्या नावावर दर महिन्याला येत राहील अशी.

एक तारखेच्या नोटा आता मी खाली नेऊन देत होते. पाकीट नेहमीसारखं वर यायचं, देवापुढे जायचं. पण माझ्या हातात यायचं नाही. भाऊ ते आईच्या फोटोपुढे ठेवायचा आणि निघून जायचा. वड्याची नोट मी त्याला माझ्याकडची दिली, तर त्याने ती घेतली नाही.

मी अर्ज केला. त्यासाठी मेडिकल बोर्डापुढे जायचं होतं त्या दिवशी त्याने आईच्या शिस्तीप्रमाणे सगळं केलं. दाढी, पावडर, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. आत बोलावल्यावर मीही उठले, तर दारातली बाई म्हणाली, "नातेवाईक बाहेर." दार बंद झालं. थोड्या वेळाने तो हसतच बाहेर आला.

"काय विचारलं?"

"नोकरी विचारली. सांगितली. पगार विचारला. एक तारखेला, पाकिटात. मग कार्ड दाखवलं." त्याचा चेहरा फुलला होता. "डॉक्टर छान म्हणाले, ताई."



निकाल आला तो खालच्या पत्रपेटीत. मेडिकल बोर्डाच्या मताचा हवाला देऊन पेन्शन कार्यालयाने लिहिलं होतं, 'अर्जदार सोसायटीत कामास असून त्यास नियमित मासिक वेतन मिळते. सबब तो स्वतःचा चरितार्थ चालविण्यास असमर्थ आहे असे म्हणता येत नाही.' मी ते तिथेच उभ्याने सेक्रेटरींना वाचून दाखवलं. पहिल्या मजल्यावरच्या मावशी भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. भाऊ वॉचमनच्या केबिनपाशी होता, आमच्याकडे पाठ करून.

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. "माझ्यामुळे झालं हे. ताई, उद्याच्या उद्या लेटरहेडवर लिहून देतो. कार्ड रद्द, काम बंद. संपला विषय."

"आणि आता नेशील तेव्हा जरा तसाच ने गो त्याला," मावशी म्हणाल्या. "दाढी करू नको. एखादं बटण तुटलेलं असू दे. हा नवरदेवासारखा जातो, त्यांना कसं कळायचं?"

"आईने शिकवलंय त्याला, मावशी."

"तुझ्या आवशीक काय म्हायत अपील नि बिपील!"

मावशी वाईट बोलत नव्हत्या. आईच्या आजारात रोज पेज त्यांच्याकडून यायची. पण भावाने ऐकलं होतं. त्याने वळून आमच्याकडे पाहिलं, मग गळ्यातलं कार्ड हळूच शर्टाच्या आत सरकवलं आणि वरचं बटण लावलं. त्या दिवसापासून ते कार्ड आतच राहिलं. आंघोळीला जातानाही तो ते मोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला अडकवायचा.

घरी गेल्यावर मी त्याला म्हटलं, "कार्ड कुणी घेणार नाही." त्याने मान हलवली. विश्वास ठेवला नाही.

अपील न्यायाधिकरणाकडे करायचं होतं. गिरगावात आमच्या ओळखीचे एक वयस्क वकील आहेत. त्यांनी निकाल दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोपं आहे. काम बंद झालं म्हणून लिहा. कार्ड परत केल्याची पोच जोडा."

"मग ते म्हणतील, एक नोकरी गेली, दुसरी मिळेल. जो काल काम करत होता तो उद्याही करेल."

वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ग्रंथालयात काय करताय तुम्ही? आमच्याकडे यायला हवं होतंत."

"आणि कार्ड मी परत देणार नाही."

"मग खरं लिहा. पण सगळं लिहा. पगार कुणाचा, कुठून यायचा, कुठे जायचा. सेक्रेटरींचं प्रतिज्ञापत्र जोडा. अर्धं खरं लिहिलंत तर अडकाल."

"सुनावणीला तो समोर असणार. हे त्याच्यासमोर वाचून दाखवलं तर?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "वाचू नये असा वेगळा अर्ज करा. ऐकतील की नाही ते मी सांगू शकत नाही."

तो मसुदा मी ग्रंथालयातल्या जेवणाच्या सुट्टीत लिहिला. लिहायला मला फार दिवस लागले. मी मुळात सावकाश लिहिते, त्यात हे. 'माझा भाऊ नोकरी करीत नाही' हे वाक्य मी लिहायची आणि खोडायची. ते खरं होतं, पण ते वाचलं की पहाटे पाइपाला कान लावून उभा असलेला तो दिसायचा. थंडीतसुद्धा कधी चुकला नव्हता. शेवटी मी लिहिलं, 'माझा भाऊ काम करतो. त्या कामाची इमारतीला गरज नाही, त्याला आहे. त्याला मिळणारा पगार त्याच्या आईच्या पेन्शनमधून दिला जात असे आणि त्याच दिवशी आईकडे परत येत असे.' शेवटच्या वाक्यात 'असे' लिहिताना हात थांबला. आईबद्दल भूतकाळात लिहिलेलं ते माझं पहिलं वाक्य होतं. ते मी खोडलं नाही.

प्रतिज्ञापत्र आणि तो वेगळा अर्ज जोडून अपील दाखल केलं. सुनावणीच्या पहिल्या तारखेला न्यायाधिकरणाचे एक सदस्य आले नव्हते. दुसऱ्या तारखेला पेन्शन कार्यालयाने मुदत मागितली. दोन्ही वेळा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फोर्टपर्यंत आला आणि बसने परत गेला. "पुन्हा जायचं?" असं त्याने विचारलं की मी "पुन्हा" म्हणायची. मावशींनी एकदा सुचवलं, "सोडून दे ना आता. तू आहेस की त्याला." मी म्हटलं, "मी आहे, मावशी. पण मी पेन्शन नाही." त्यावर त्या हसल्या आणि मग पदराने डोळे पुसायला लागल्या.

तिसऱ्या तारखेच्या दिवशी पाणी आलं नाही.

मी तयार होऊन खाली आले तेव्हा भाऊ टाकीपाशी उभा होता. आंघोळ केलेला, पावडर लावलेली, एक हात पाइपावर. कुठेतरी मोठ्या पाइपाचं काम निघालं होतं. वरच्या टाकीत साठा होता, त्यामुळे इमारतीत कुणाला पत्ताही नव्हता.

"चल, उशीर होतोय."

"पाणी आलं नाही."

"आज तारीख आहे रे. आपलं नाव पुकारतील आणि आपण तिथे नसलो तर सगळं फुकट."

"आलं की निघू."

वॉचमन माझी अवस्था बघत होता. तो केबिनमधून ओरडला, "आ गया, साब! आ गया पानी! पंप चालू कर दिया!"

भावाने पाइपाला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग वॉचमनकडे बघून समजुतीने म्हणाला, "नही आया. तुमको ऐकू नही आता."

त्याला हाताला धरून ओढत नेता आलं असतं. आईने ते कधी केलं नव्हतं. जुन्या चाळीत एकदा पाइप फुटला तेव्हा दिवस गेला, रात्र गेली, हा मोरीतून हलला नाही. आईने ताट तिथेच आणलं. त्याने ते बाजूला ठेवलं, पाणी आल्यावर जेवतो म्हणाला. ती ड्यूटीवरून दमून आली होती, तरी स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसून राहिली. मी टाकीच्या कट्ट्यावर बसले. फाइल मांडीवर घेतली. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज वाढत चालले होते. तरी मी बसून राहिले. वर्षभर मी ज्यासाठी भांडत होते ते हेच होतं, की हा असा आहे. त्याच्यासाठी भांडायला जाताना त्यालाच खोटं पाडायचं, हे मला जमणार नव्हतं.

पाइप घुरघुरला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मग वॉचमनला सांगितलं, सगळ्या मजल्यांवर जाऊन आला, आणि आम्ही टॅक्सी पकडली.

न्यायाधिकरण फोर्टमधल्या एका जुन्या दगडी इमारतीत आहे. आमचं नाव एकदा पुकारून झालं होतं. शिपाई म्हणाला, "नशीब तुमचं, दुसऱ्यांदा घेतायत." आत दोन सदस्य होते. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश बाई, आणि त्यांच्या शेजारी एक डॉक्टर. समोर पेन्शन कार्यालयाची बाजू मांडणारे अधिकारी, माझ्याच वयाचे, फायलींच्या गठ्ठ्यासह.

"उशीर का झाला?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

मी उठले. पण भाऊ माझ्या आधी उठला होता. ताठ उभा राहून, मोठ्याने म्हणाला, "पाणी आलं नव्हतं."

"कुठलं पाणी?"

"टाकीचं. पाणी आल्याशिवाय मी निघत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि आज आलंच नसतं तर?"

"थांबलो असतो."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

डॉक्टर पुढे झुकले. "आज इथे यायचं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. ताईने सांगितलं. शर्ट कालच काढला."

"इथे आला नसतात तर तुमचं मोठं नुकसान झालं असतं. तेही माहीत होतं?"

भाऊ विचार करत राहिला. हा प्रश्न त्याला नीट समजून घ्यायचा होता, हे मला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "पाणी यायचं होतं."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. आधी कधी असं झालं होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी चाळीतल्या त्या रात्रीचं सांगितलं. ताटाचंही सांगितलं.

कार्यालयाचे अधिकारी उभे राहिले. "महोदया, ही तर कर्तव्यनिष्ठा झाली. अशी माणसं आमच्या कार्यालयात मिळाली तर बरं होईल." डॉक्टर किंचित हसले. "पण नोकरी आहे, पगार आहे, हे स्वतः अर्जदार सांगतात. आता अपिलात असं म्हटलंय की हा पगार प्रत्यक्षात त्यांच्या—"

माझा हात भावाच्या बाहीकडे गेला. त्याला घेऊन मी तशीच बाहेर निघणार होते, निकाल काहीही लागो.

बाईंनी तळहात वर केला. "थांबा. ते मी वाचलंय. तुम्हीही वाचलंय. इथे बोलायचं कारण नाही."

"पण महोदया, रेकॉर्डवर—"

"रेकॉर्डवर आहे."

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. मग म्हणाले, "मी त्यांना दोन प्रश्न विचारू का?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"पगार मिळाल्यावर तुम्ही त्याचं काय करता?"

"देवापुढे ठेवतो. मग आईला देतो."

"आई तर—" ते अडखळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हल्ली कुणाला देता?"

"आईला. फोटोपुढे ठेवतो."

"मग ते पाकीट उघडतं कोण?"

"आई उघडते."

डॉक्टरांनी हळू विचारलं, "उघडलं का त्यांनी?"

"अजून नाही," भाऊ म्हणाला.

आईच्या फोटोपुढची ती पाकिटं मी रोज बघत होते. रोज त्यांच्याखालची धूळ पुसत होते. ती तिथे का आहेत, हे मला त्या खोलीत, परक्या माणसांसमोर कळलं. मी भावाचं दुःख माझ्या दुःखापेक्षा लहान समजत होते. तो तर अजून वाट बघत होता, येईपर्यंत थांबणाऱ्या माणसासारखी.

"मला आणखी काही विचारायचं नाही," अधिकारी म्हणाले आणि बसले.

बाहेर बाकावर आम्ही डबा उघडला. तेच अधिकारी फाइल बगलेत मारून आमच्यासमोरून चालले होते. ते थांबले. मला म्हणाले, "माझं कामच ते आहे, ताई. विचारावं लागतं." मग भावाला म्हणाले, "काय हो, आमच्या बिल्डिंगमध्ये येता का? पाण्याची बोंब आहे."

भावाने घास गिळला. "मला सुट्टी नसते," तो म्हणाला.

ते मोठ्याने हसले, आणि जाता जाता त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

निकाल लगेच आला नाही. आला तेव्हा उन्हाळा लागला होता. जाड पाकीट, त्यावर न्यायाधिकरणाचा शिक्का. मी ते वर नेलं, खुर्चीवर बसून सावकाश वाचलं. प्रतिज्ञापत्र मान्य केलं होतं. त्यातल्या मजकुराचा एकही तपशील निकालात लिहिलेला नव्हता. एका ओळीवर मी थांबले, 'काम करणे आणि चरितार्थ चालविणे या एकच गोष्टी नव्हेत.' मेडिकल बोर्डाचं मत बाजूला ठेवलं होतं. आईची पेन्शन भावाला आजन्म द्यावी, आणि तीही आईच्या मृत्यूच्या दिवसापासून, असा आदेश होता.

मी आईच्या फोटोपुढे उभी राहिले. पाकिटांच्या चळतीवर निकाल ठेवला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आई असती तर आधी म्हणाली असती, त्याला सांग.

भाऊ दुपारच्या झोपेतून उठत होता. मी त्याच्या कॉटवर बसले. "आपण तिकडे जायचो ना, फोर्टला? त्यांचा निकाल आला."

तो उठून बसला. हात शर्टाच्या बटणावर गेला. "कार्ड घेणार?"

"नाही."

"सेक्रेटरी घेणार?"

"कुणीच नाही. लिहून दिलंय त्यांनी. तुझं काम तुझं, आणि आईची पेन्शनसुद्धा तुझी. तू आहेस तोपर्यंत."

दुसरी गोष्ट त्याने ऐकली की नाही, कुणास ठाऊक. पहिली ऐकली. त्याने वरचं बटण काढलं, निळी दोरी ओढून कार्ड बाहेर काढलं, घामाने ओलसर झालेलं प्लास्टिक बनियनला पुसलं आणि फोटोची बाजू वर करून छातीवर नीट ठेवलं. मग चहा मागितला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी बँकेत गेले. आईची पेन्शन जमा झालेल्या त्याच्या खात्यातून थोड्या नोटा काढल्या, तळहाताने सपाट केल्या आणि संध्याकाळी खाली जाऊन सेक्रेटरींकडे दिल्या.